तांबोशीचे घर : लाल समुद्र, आंग्र्यांचे प्रवाळ आणि हिंगोलीची काळी माती

१.
हिंगोलीपासून सर्वांत जवळचा समुद्र चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही प्रवाळांत राहणाऱ्या एका तांबड्या माशाचा इतिहास लिहिताना हिंगोलीला वगळता येत नाही. या कथेत एक डॅनिश मोहीम आहे, कल्याणीचा एक चालुक्य राजा आहे, मराठा आरमाराचा सरखेल आहे आणि शेवटी कयाधूचे पावसाळी पाणी आहे. आजचा धागा त्या माशाचा आणि त्याच्या घराचा.

२.
कोकणात या माशाला तांबोशी म्हणतात, गोव्यात तामसो. रंगावरून पडलेले हे नाव बाजारात तांबड्या रंगाच्या एकाहून अधिक जातींना मिळते. त्यांतली एक महत्त्वाची जात म्हणजे शास्त्रज्ञांचा ‘लुटजानस आर्जेंटिमॅक्युलाटस’. लॅटिनमध्ये या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘रुपेरी ठिपक्यांचा’. भक्कम जबडा, पुढचे सुळ्यांसारखे दात, खवल्यांवर तांब्याची झाक. हा मासा रात्री शिकार करतो. खेकडे, कोळंबी आणि लहान मासे हे त्याचे अन्न.

३.
या माशाला आयुष्यात दोन घरे लागतात. अंडी खुल्या समुद्रात पडतात. पिल्ले किनाऱ्याकडे येतात आणि खाडीत, खारफुटीच्या मुळांत, कधी नदीच्या जवळजवळ गोड्या पाण्यातही वाढतात. काही वर्षांनी मोठा झालेला मासा खाडी सोडतो आणि दूरच्या खडकाळ तळाकडे, प्रवाळांकडे जातो. तिथे तो शंभर मीटरपेक्षा खोलवरही आढळतो. तो वयात उशिरा येतो आणि तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. दोन घरांपैकी एक जरी मोडले तरी वंश खुंटतो. हे सूत्र लक्षात ठेवावे. धाग्याच्या शेवटी ते पुन्हा लागेल.

४.
आता इतिहास. या माशाला शास्त्रीय नाव मिळाले ते लाल समुद्रात. जानेवारी १७६१ मध्ये डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याच्या आश्रयाने सहा जणांची एक मोहीम कोपनहेगनहून अरबस्तानाकडे निघाली. भाषापंडित फॉन हावन, निसर्गशास्त्रज्ञ पेटर फोर्स्कोल, गणिती व नकाशाकार कार्स्टेन नीबूर, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड आणि सेवक बेर्गग्रेन अशी ही मंडळी होती.

५.
फोर्स्कोल हा प्रसिद्ध स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याचा शिष्य. मोहिमेपूर्वी १७५९ मध्ये त्याने नागरी स्वातंत्र्यावर एक पुस्तिका लिहिली होती आणि त्यापायी स्वीडनच्या सत्ताधाऱ्यांचा रोष ओढवून घेतला होता. लाल समुद्राच्या किनाऱ्यावर त्याने मासे जमवले. ते टिकवण्याची त्याची रीत वनस्पतिशास्त्रज्ञाची होती : माशाच्या अर्ध्या अंगाची कातडी सोलायची, वाळवायची आणि पानाफुलांसारखी कागदावर चिकटवायची. त्यांतले कितीतरी नमुने आजही कोपनहेगनच्या संग्रहालयात आहेत.

६.
फोर्स्कोलची आणखी एक सवय इतिहासाच्या दृष्टीने मोलाची ठरली. माशाचे स्थानिक अरबी नाव तो टिपून ठेवी आणि अनेकदा तेच शास्त्रीय नावात वापरी. तांबोशीच्या कुळातला ‘बोहार’ हा त्यातलाच. निळ्या रेघांच्या पिवळ्या माशाचे ‘कास्मिरा’ हे नावही अरबी कोळ्यांच्या बोलीतून आले आहे. काश्मीरशी त्याचा संबंध नाही. कोळ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, पण त्यांचे शब्द अडीचशे वर्षांनंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत उच्चारले जातात.

७.
मोहिमेचा शेवट करुण झाला. मे १७६३ मध्ये फॉन हावन मोखा बंदरात वारला. ११ जुलै १७६३ रोजी येमेनमधल्या यरीम गावी फोर्स्कोल हिवतापाने गेला. त्याचे वय अवघे एकतीस होते. उरलेले चौघे मोखाहून जहाजाने मुंबईकडे निघाले. ऑगस्टच्या अखेरीस, भर समुद्रात, बाउरेनफाइंड आणि बेर्गग्रेन पाठोपाठ मरण पावले.

८.
त्याच ऑगस्ट १७६३ मध्ये दख्खनमध्ये काय चालले होते? १० ऑगस्टला गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे पेशव्यांच्या फौजांनी निजामाच्या सैन्याचा मोठा पराभव केला. पानिपतानंतर सावरणाऱ्या मराठी सत्तेचा तो महत्त्वाचा विजय. आजचा हिंगोली जिल्हा ज्या मुलुखात आहे, तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच राहिला. गोदावरीकाठी तोफा धडाडत होत्या, त्या महिन्यात अरबी समुद्रावर एका मृत शास्त्रज्ञाचे सोबती मुंबईची वाट कापत होते.

९.
सप्टेंबर १७६३ मध्ये नीबूर आणि क्रामर मुंबईला उतरले. फेब्रुवारी १७६४ मध्ये क्रामरही मुंबईतच वारला. सहा जणांपैकी एकटा नीबूर उरला. त्याने हाय खाल्ली नाही. तो घारापुरीला गेला, लेण्यांची मोजमापे घेतली, आराखडे काढले. युरोपात पोहोचलेल्या घारापुरीच्या आरंभीच्या विश्वसनीय चित्रांत नीबूरच्या चित्रांची गणना होते. डिसेंबर १७६४ मध्ये त्याने मुंबई सोडली आणि मस्कत, इराण, इराक या मार्गाने नोव्हेंबर १७६७ मध्ये तो कोपनहेगनला पोहोचला.

१०.
घरी परतल्यावर नीबूरने दिवंगत मित्राचे ऋण फेडले. फोर्स्कोलची हस्तलिखिते त्याने १७७५ मध्ये छापून प्रसिद्ध केली. त्या लॅटिन ग्रंथात तांबोशीच्या कुळातल्या पाच जातींची वर्णने एकत्र आली : आर्जेंटिमॅक्युलाटस, बोहार, कास्मिरा, गिब्बा आणि फुल्विफ्लामा. आज या माशांच्या नावांपुढे ‘फोर्स्कोल, १७७५’ असे लिहितात. लेखक वारला त्याला तेव्हा बारा वर्षे झाली होती. मुंबईच्या हवेतून नीबूर वाचला नसता, तर या कागदांचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

११.
‘लुटजानस’ हे वंशनाम नंतरचे. बर्लिनमधला वैद्य मार्कुस ब्लोख याने ते १७९० मध्ये दिले आणि शब्द घेतला मलाय भाषेतून : ‘इकान लुटजांग’. इकान म्हणजे मासा. ब्लोखला भारतातून मासे धाडणारा एक माणूस होता : तमिळ किनाऱ्यावरच्या डॅनिश तरंगमबाडीचा मिशनरी क्रिस्टोफ सामुएल योन. त्याची आठवण म्हणून ब्लोखने १७९२ मध्ये एका माशाला ‘जॉनी’ हे नाव दिले. तोही तांबोशीचा भाऊबंद.

१२.
पूर्व किनाऱ्यावर आणखी एक अभ्यासक होता : ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतला पॅट्रिक रसेल. विशाखापट्टणमच्या कोळ्यांनी आणलेल्या दोनशे माशांची वर्णने व चित्रे त्याने १८०३ मध्ये दोन खंडांत छापली. त्यानेही स्थानिक तेलुगू नावे टिपली. पुढे १८४९ मध्ये डच शास्त्रज्ञ ब्लीकर याने याच कुळातल्या एका माशाला रसेलचे नाव दिले. म्हणजे या एका वंशाच्या नावांत अरबी, मलाय आणि लॅटिन भाषा आहेत, युरोपीय वैद्य व मिशनरी आहेत. ‘तांबोशी’ मात्र कुठल्याही शास्त्रीय नावात नाही.

१३.
मराठी शब्दाला लॅटिन नावात जागा मिळाली ती गोड्या पाण्यात. मुंबई सरकारच्या सेवेतला कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांचा अभ्यास १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केला. नव्या जातींना नावे देताना त्याने मराठी शब्द जसेच्या तसे उचलले. ‘मिस्टस सींगटी’ या नावातली सींगटी म्हणजे आपली शिंगटी. मराठवाड्यातल्या नद्यांवर मासे धरणाऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही.

१४.
पण माशांची विद्या युरोपीयांनीच आणली, असा समज कोणी करून घेऊ नये. बाराव्या शतकात मराठवाड्यावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. त्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभार, वैद्यक, पाककला, संगीत, खेळ असे अनेक विषय त्यात आहेत. त्यातला एक भाग ‘मत्स्यविनोद’, म्हणजे गळाने मासे धरण्याचा राजविनोद.

१५.
मत्स्यविनोदात समुद्रातल्या आणि नदीतल्या माशांची नावे आहेत, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे भेद आहेत, गळ आणि आमिष यांची माहिती आहे. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, समुद्रापासून हिंगोलीइतकेच तुटलेले. तरी त्या दरबाराला समुद्री मासे माहीत होते, कारण कोकण किनाराही चालुक्यांच्या प्रभावाखाली होता. १९५१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध करून त्यातले मासे आजच्या जातींशी ताडून पाहिले.

१६.
आता तांबोशीच्या दुसऱ्या घराकडे, प्रवाळांकडे वळू. महाराष्ट्राचा किनारा नद्यांच्या गाळाने गढूळ असतो, आणि प्रवाळाला स्वच्छ, उजेडाचे पाणी लागते. म्हणून किनाऱ्यालगत प्रवाळ थोडे. मालवणला, शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या परिसरात, ते आढळतात. तिथे १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. पण प्रवाळांचे खरे राज्य त्याहून कितीतरी दूर, विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर आहे. त्याचे नाव आंग्रिया बँक.

१७.
‘आंग्रिया’ म्हणजे आंग्रे. इंग्रजांच्या तोंडी कान्होजी आंग्रे यांचे आडनाव असेच रुळले होते. १६९८ पासून सरखेल असलेल्या कान्होजींनी समुद्रावरच्या सत्तेचा हक्क सांगितला : या पाण्यात व्यापार करायचा तर आमचे दस्तक घ्यावे. इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या. सारे हात हलवत परतले. १७२९ मध्ये कान्होजींचे निधन झाले.

१८.
नंतरचा अध्याय मराठ्यांच्या इतिहासातला सल आहे. कान्होजींचे पुत्र तुळाजी आणि पेशवे नानासाहेब यांच्यात वितुष्ट आले, आणि पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यात बंदरातले आरमार जळून खाक झाले. नीबूर मुंबईत उतरला तेव्हा या घटनेला जेमतेम सात वर्षे झाली होती. ज्यांनी आंग्र्यांचे आरमार जाळले, त्यांच्याच भाषेतल्या नकाशांवर आंग्र्यांचे नाव समुद्राच्या तळाला कायमचे चिकटून राहिले.

१९.
आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर, आणि कडेला समुद्र एकदम शेकडो मीटर खोल होतो. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या कळसाला, जगभरातल्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा हा माथा पाण्याबाहेर होता. बर्फ वितळले, समुद्र चढला आणि पठार बुडाले. किनाऱ्याचा गाळ इथवर पोहोचत नाही. पाणी नितळ राहते. म्हणून प्रवाळ वाढले. त्यांच्या कपारींत स्नॅपर कुळातले मासे, हेकरू, पोपटमासे अशा अनेकांना आसरा मिळाला.

२०.
इथे वर्तमानातला प्रश्न उभा राहतो. देशाची सागरी हद्द बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. आंग्रिया बँक त्याच्या बरीच पलीकडे, अनन्य आर्थिक क्षेत्रात येते. राज्य सरकारला तिथे मालवणसारखे अभयारण्य घोषित करता येत नाही. त्या पाण्यासाठी १९७६ चा केंद्रीय सागरी क्षेत्र कायदा लागू होतो आणि विशेष संरक्षणाचा निर्णय केंद्रानेच घ्यायचा असतो. खडकाळ प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच आहे; पण त्यांच्या आसऱ्याने जगणाऱ्या तांबोशीला ते नाही. उशिरा वयात येणारा मासा बेसुमार पकडला गेला, तर त्याची संख्या भरून यायला एक पिढी जावी लागते.

२१.
आता हिंगोली. नरसी नामदेव ज्या नदीच्या काठी वसले आहे ती कयाधू पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेत, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत. जिल्ह्याच्या दक्षिणेची पूर्णाही गोदावरीलाच जाते. म्हणजे औंढा नागनाथाच्या शिखरावरून ओघळलेला थेंब अरबी समुद्राला कधीच भेटत नाही. तो राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागराला मिळतो.

२२.
गोदावरीच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाची खारफुटी आहे. १९७८ पासून ते अभयारण्य आहे. तांबोशीच्या पिल्लांना ज्या प्रकारचे पहिले घर लागते, ते हेच : खारट-गोड्या पाण्याचे, चिखलाचे, मुळांच्या जाळ्याचे. रसेलने जिथे आपले दोनशे मासे नोंदवले ते विशाखापट्टणम याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेस आहे. आणि तो चिखल येतो कुठून? त्याचा मोठा वाटा दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीचा. हिंगोलीच्या शिवारातली माती हजारो वर्षे पुराबरोबर वाहत गेली, आणि तिच्यासारख्या मातीच्या थरांवर त्रिभुज प्रदेश उभा राहिला.

२३.
विसाव्या शतकात ही वाट अडली. पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर, गोदावरीवर जायकवाडी आणि खाली आणखी अनेक धरणे झाली. त्यांचे उपकार नाकारता येणार नाहीत. वसमतच्या शिवारात हळद पिकते ती कालव्याच्या पाण्यावर, आणि दुष्काळाची आठवण असलेल्या मराठवाड्यात पाणी अडवणे हा जगण्याचा प्रश्न आहे. पण धरण पाण्यासोबत गाळही अडवते. गोदावरीच्या मुखाशी पोहोचणारा गाळ गेल्या काही दशकांत लक्षणीय घटला आहे आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा ठिकठिकाणी झिजतो आहे. इकडे जलाशय गाळाने उथळ होतात, तिकडे खारफुटीला तोच गाळ मिळत नाही.

२४.
म्हणून ‘आपल्या जिल्ह्याचा समुद्राशी काय संबंध?’ या प्रश्नाला इतिहास-भूगोलाचे उत्तर असे आहे : हिंगोलीने प्रवाळ पाहिले नाहीत, पण प्रवाळावर राहणाऱ्या माशाचे बालपण ज्या चिखलात जाते, तो चिखल हिंगोलीसारख्या प्रदेशांनी पुरवला आहे. जलाशयातला गाळ काढून शेतात टाकणे, नदीकाठची झाडी राखणे, पात्रातली वाळू बेसुमार न उपसणे ही कामे गावाच्या हिताची म्हणून सांगितली जातात. त्यांचा धागा थेट नदीच्या मुखापर्यंत जातो.

२५.
येमेनच्या डोंगरात वारलेल्या तरुणाचे कागद एका मित्राने मुंबईमार्गे घरी पोहोचवले, म्हणून त्याने पाहिलेल्या माशांची वर्णने जगाला मिळाली. सोमेश्वराने समुद्रापासून दूर बसून मासे नोंदवले, म्हणून आठशे वर्षांनी होरांना ते वाचता आले. आंग्र्यांचे आरमार जळाले. नाव मात्र प्रवाळाच्या रूपाने उरले. जे कोणी जपून ठेवले तेच पुढच्या पिढीला मिळाले. तांबोशीची दोन्ही घरे, खारफुटी आणि प्रवाळ, आज त्याच जपणुकीची वाट पाहत आहेत.

(धागा समाप्त)